जवारी काढलेली ३३ मिनिटं

आजीचा तंबोरा सापडला स्वयंपाकघरात, ओट्याच्या कोपऱ्यात, तोंड भिंतीकडं करून. ठेवलेला होता पुढच्या खोलीत कपाटावर, जुन्या चादरीत गुंडाळून, आणि आम्ही सगळे धरून चाललो होतो की तिथं पाणी काय येत नाही, कारण २००५ च्या पुरात ते आमच्या पायरीच्या वर आलं नव्हतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णामाईनं ती २००५ ची खूण कधीच मागं टाकली, सांगलीच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. घरात पाणी शिरलं की कपाट उभं राहत नाही, ते आधी हलकं होतं आणि मग कलंडतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. तंबोरा भोपळ्यामुळं तरंगला. तरंगत तरंगत मधलं दार ओलांडून आत गेला आणि पाणी उतरलं तसा तिथंच बसला. चादर कुठं गेली देव जाणे. दांडीत गाळ, खुंट्या फुगून घट्ट झालेल्या, दोन तारा तुटलेल्या, आणि भोपळ्यावर पाण्याची एक तपकिरी रेघ, आमच्या भिंतीवर होती तशीच.

मला खरं लिहायचंय ते एका थ्रॅश मेटल अल्बमबद्दल. पॉवर ट्रिप नावाचा अमेरिकेतल्या टेक्सासमधल्या डॅलसचा बँड आणि त्यांचा २०१७ चा 'नाइटमेअर लॉजिक'. पण माझ्या डोक्यात तो अल्बम आणि हा तंबोरा आता वेगळे होतच नाहीत, म्हणून दोन्ही एकत्रच सांगते, लांबलं तर लांबू दे.

मी मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानात हिशोब बघते. सौदे निघाले की सकाळपासून नुसता हळदीचा धुरळा, केसात, डब्यात, की-बोर्डच्या फटीत. त्या आवाजात आणि त्या धुरळ्यात माझ्या कानात बारा-तेरा वर्षं मेटल वाजतंय. सुरुवात भावामुळं झाली, त्यानं कॉलेजमधून एक पेनड्राइव्ह आणलेला, आणि मग ३० ऑक्टोबर २०११ ला मेटालिका बंगळुरूला आली तेव्हा आम्ही दोघं मिरजेतनं रात्रीची रेल्वे पकडून गेलो. आजीनं चिवड्याचा डबा दिला होता. परत आल्यावर तिनं एकच विचारलं, "सुरात होते का?" मी म्हटलं होते. "मग झालं तर."

आजी नाट्यसंगीत गायची, घरातच, कुठं स्टेजवर वगैरे नाही. तंबोरा तिच्या माहेरचा, मिरजेचा, जनानी तंबोरा, म्हणजे जरा लहान, बायकांच्या स्वराला लागतो तसा. ती गेली त्यानंतर तो कुणी लावलाच नाही, कपाटावर गेला.

आता थ्रॅश म्हणजे काय हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. १९८३ च्या आसपास अमेरिकेत, मुख्यतः कॅलिफोर्नियात, पोरांनी ब्रिटिश हेवी मेटलचे रिफ, म्हणजे गिटारवर परत परत येणारे तुकडे, घेतले आणि ते पंकच्या, म्हणजे साध्या, रागीट, झटपट संपणाऱ्या रॉकच्या, वेगानं वाजवायला सुरुवात केली. मेटालिका आणि स्लेअर दोघांचेही पहिले अल्बम १९८३ चेच. पंक हा शब्द इथं महत्त्वाचा आहे, लोक तो विसरतात. इंग्लंडच्या डिस्चार्ज या बँडनं ड्रमचा जो एक धावता ठेका रूढ केला, ज्याला डी-बीट म्हणतात, तो ह्या सगळ्या पोरांच्या हाडात होता. मेटालिकानं पुढं १९९८ मध्ये त्याच डिस्चार्जची दोन गाणी स्वतः वाजवून रेकॉर्ड केली, म्हणजे ऋण मान्य केलं. त्यांचा पहिला बासिस्ट नव्हे पण खरा बासिस्ट, क्लिफ बर्टन, त्याच्या हातावर मिसफिट्स या पंक बँडचा टॅटू होता. तेव्हा पंक हे थ्रॅशला नंतर लावलेलं फोडणीचं काही नाही, ते पहिल्यापासून आत आहे. १९८५ च्या सुमाराला तर दोन्हीकडची पोरं उघड एकत्र आली, एस.ओ.डी., सुइसायडल टेंडन्सीज असे बँड, आणि टेक्सासचेच डी.आर.आय., ज्यांच्या १९८७ च्या अल्बमचं नावच 'क्रॉसओव्हर' होतं आणि त्यावरूनच त्या सगळ्या मिश्रणाला क्रॉसओव्हर म्हणायला लागले.

आणि मग काय झालं तर गाणी लांबत गेली. १९८८ चा मेटालिकाचा अल्बम ६५ मिनिटांचा आहे, त्यातली काही गाणी जवळजवळ दहा दहा मिनिटांची, मला तो आवडतो, खूप आवडतो, पण त्यात हुशारी जास्त झालीय हे कळतं. रिफवर रिफ, त्यावर एकट्या गिटारचा सोलो, त्यात ताल बदल. १९९१ ला त्यांनीच वेग सोडला आणि नंतरच्या दोन-तीन वर्षांत बाकीच्यांनीही सोडला किंवा बंद झाले.

२००० नंतर नव्या पोरांनी ते परत उचललं. रिचमंडचे म्युनिसिपल वेस्ट त्यातले सगळ्यात आनंदी, त्यांचा २००७ चा 'द आर्ट ऑफ पार्टीइंग' ऐकून मी पावसात स्कूटीवर ओरडत गेलेय. पण त्या लाटेत बरेच असेही होते की ज्यांनी फक्त कपडे आणले. पांढरे बूट, बिनबाह्यांचं डेनिम, टोपीची कड वर. वाजवायचे नीट, चूक काढता यायची नाही, पण ऐकल्यावर वाटायचं की हे १९८६ चं नाटक बसवलंय. माझा भाऊ तेव्हापासून म्हणतो की रिव्हायव्हल म्हणजे शिळी भाकरी तव्यावर गरम करणं, चव येते पण भाकरी शिळीच. मी बरीच वर्षं त्याच्याशी भांडले पण मला उत्तर नीट देता यायचं नाही.

उत्तर मला मिरजेत सापडलं, ते पुढं येईलच.

'नाइटमेअर लॉजिक' २४ फेब्रुवारी २०१७ ला आला. आठ गाणी, साधारण ३३ मिनिटं. मार्केट यार्डातनं घरी यायला आणि चहा होईपर्यंत एवढ्यात संपतो. पहिल्यांदा ऐकला तेव्हा सुरुवातीला नुसता एक घुमणारा आवाज आहे, यंत्राचा म्हणा वाऱ्याचा म्हणा, आणि त्यातनं गिटार येते, आणि मग गायक रायली गेलचा आवाज, जो असा रेकॉर्ड केलाय की जणू तो विहिरीच्या तळातनं वर ओरडतोय आणि त्याच्या शब्दांमागं शब्दांची सावली येतीय. रेकॉर्डिंग आर्थर रिझ्कनं केलंय आणि मला वाटतं अर्धं श्रेय त्याचं आहे. हल्लीचे मेटल अल्बम बरेच वेळा इस्त्री केल्यासारखे असतात, प्रत्येक ड्रम वेगळा, प्रत्येक घाव सारखा. ह्यात खोली ऐकू येते. माणसं एका खोलीत आहेत आणि खोलीला भिंती आहेत, असं.

दुसरं गाणं 'एक्झिक्युशनर्स टॅक्स'. जल्लादाचा कर. हे ह्या अल्बममधलं सगळ्यात प्रसिद्ध गाणं आणि गंमत अशी की ते वेगवान नाहीये. थ्रॅशच्या मानानं ते चालतं, पाय आपटत चालतं. गिटारवर ब्लेक इबानेझ आणि निक स्ट्युअर्ट, आणि जो रिफ आहे तो शाळेतल्या पोरालासुद्धा दुसऱ्यांदा ऐकल्यावर तोंडानं म्हणता येईल. आणि मग सगळे मिळून कुऱ्हाडीचा घाव म्हणून ओरडतात. हे सगळ्यांनी मिळून ओरडणं पंककडनं आलंय. मेटलमध्ये गायक गातो आणि लोक ऐकतात, पंकमध्ये माइक लोकांत जातो. मी दुकानात एकटी बसून हेडफोन लावून ऐकते तरी मला त्या घोळक्यात उभं असल्यासारखं वाटतं, आणि सांगलीत ह्या गाण्यांचा घोळका मला कधी मिळालेला नाही, म्हणून ह्या गोष्टीची किंमत मला जरा जास्त आहे.

पुराच्या वेळी आम्ही विश्रामबागला मावशीकडं गेलो होतो, तो भाग उंचावर. एका फ्लॅटमध्ये अकरा माणसं. लाइट येऊन जाऊन, फोनची बॅटरी जपायची, नेट नाही. फोनमध्ये जे डाउनलोड केलेलं होतं त्यात हा अल्बम होता. भाऊ दिवसभर गल्लीतल्या पोरांबरोबर बाहेर, कुणाच्या म्हाताऱ्या आईला वरच्या मजल्यावरनं काढायचं, कुणाचं इन्सुलिन पोचवायचं, कुठं दूध. त्याला पोहता येतं म्हणून आई रोज दारात उभी राहायची तो येईपर्यंत. ८ ऑगस्टला ब्रह्मनाळची बोट उलटल्याचं कळलं त्या दिवशी आई त्याला जाऊ नको म्हणाली आणि तो गेला. त्या रात्री मी गॅलरीत बसून अल्बममधलं सातवं गाणं लावलं. 'इफ नॉट अस देन हू'. आपण नाही तर कोण. मी ते गाणं दोन वर्षं ऐकत होते पण घोषणा म्हणून ऐकत होते. त्या रात्री तो मला साधा प्रश्न म्हणून ऐकू आला, खरंच कोणीतरी दारात येऊन विचारावा तसा. भाऊ सव्वाअकराला आला, गुडघ्यापर्यंत चिखल, आणि म्हणाला भाकरी आहे का.

मला रायली गेल ह्याच्यासाठी आवडतो. त्याच्या गाण्यांत राक्षस, सुळी, फायरिंग स्क्वॉड असलं सगळं मेटलचं सामान आहे, पण रोख कायम एकाच दिशेला, वर बसलेले कोण आणि खाली चिरडले जाणारे कोण. आणि तो स्वतःला खालच्या लोकांत धरतो.

पाणी उतरल्यावरचे दोन महिने साफसफाईत गेले, त्याबद्दल लिहीत नाही. ऑक्टोबरमध्ये मी तंबोरा वडापमध्ये मांडीवर आडवा घेऊन मिरजेला गेले. सतारमेकर गल्लीत. तिथले कारागीर मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचं काम कमी झालं तसे एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला फरीदसाहेब वाद्यांकडं वळले आणि तिथनं ही सगळी परंपरा. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ मिरजेचेच होऊन राहिले, १९३७ ला गेले, दर्ग्यात त्यांची समाधी आहे आणि उरुसात तिथं अजून गाणं होतं. पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे मोठाले भोपळे दारात वाळत टांगलेले असतात, आत लाकडाचा आणि लाखेचा वास.

आजीचा तंबोरा ज्यांच्या वडलांनी केला होता असं आई म्हणायची त्या चाचांकडं मी गेले. त्यांनी काही बोलायच्या आधी भोपळ्यावर नखानं टकटक केलं, तीन-चार ठिकाणी, कान लावून.

"भोपळा वाचलाय. तबली सुटलीय. घाई करायची नाही बेटा, सावलीत वाळू दे, घाई केली तर तडकंल."

"किती दिवस लागतील चाचा?"

"त्याला किती लागतील ते तो सांगंल. तू फेब्रुवारीत ये."

फेब्रुवारी २०२० मध्ये गेले तेव्हा तबली, म्हणजे भोपळ्यावरची लाकडी झाकणी, बसवून झाली होती, खुंट्या नव्या होत्या. घोडी, म्हणजे जिच्यावरनं तारा जातात तो आडवा तुकडा, त्यांनी काढून हातात घेतली होती आणि मला जवळ बोलावलं. ही घोडी सांबरशिंगाची, जुनी, दोन बोटं रुंद असेल, पिवळट, वरचा भाग माशाच्या पाठीसारखा किंचित गोलसर. त्यावर चार बारीक चरे. उजेडात धरली तरच दिसत होते, केसाएवढे.

"बघ. तारेनं घोडीत घर केलंय."

मग त्यांनी समजावून सांगितलं. तंबोऱ्याची तार घोडीवर एका टोकाला टेकून सुटत नाही, ती त्या गोलसर पाठीवरनं घासत जाते, हलली की टेकते सुटते टेकते सुटते, आणि त्या घासण्यातनं तो झंकार येतो ज्यात एका सुरातनं बाकीचे सूर निघायला लागतात. त्याला जवारी म्हणतात. तारेखालचा दोरा सरकवून तो नेमका बिंदू शोधायचा. पण वर्षानुवर्षं वाजवून तार घोडीला कापते, स्वतःच्या चऱ्यात जाऊन बसते, आणि एकदा बसली की घासायला जागा राहत नाही. आवाज बंद होतो. तंबोरा तोच, तारा त्याच, लाकूड तेच, पण आवाज मेलेला. मग कानस घेऊन घोडीची पाठ पुन्हा घासायची, चरे जाईपर्यंत, आणि तो गोलसरपणा परत आणायचा. जास्त घासली तर कर्कश, कमी घासली तर ठस्स. जवारी काढणं म्हणतात त्याला.

"नवी घोडी का नाही बसवत?" मी विचारलं.

"हिला काय झालंय? शिंग चांगलं आहे. घर मोडायचं फक्त."

मी तिथं बाकड्यावर बसून राहिले आणि गळ्यात हेडफोन, त्यातनं आवाज येत असणार, कारण चाचा म्हणाले काय ऐकतीस. मला एकदम संकोच वाटला. पण ते खरंच विचारत होते. मी 'एक्झिक्युशनर्स टॅक्स' पहिल्यापासून लावलं आणि हेडफोन त्यांच्या कानाला दिला. त्यांनी टोपी जरा मागं सरकवली, डोळे मिटले आणि सगळं गाणं ऐकलं, मध्ये काढला नाही. चेहऱ्यावर काही नाही. संपल्यावर म्हणाले, "जवारी लई खुली ठेवलीय ह्यांनी."

मी बघतच राहिले.

"आणि तो उजव्या हातानं तार दाबतोय. मधी मधी. कशानं दाबतोय?"

मी हात करून दाखवलं, तळहाताची कड गिटारच्या घोडीजवळ तारेवर टेकवायची आणि नखीनं मारायचं, त्यानं आवाज कापला जातो, ढग् ढग् होतो, थ्रॅशचं अर्धं व्याकरण त्या एका क्रियेत आहे. चाचांनी ते तिथल्या एका सतारीवर करून बघितलं. दोनदा. मान हलवली. मी त्यांना सांगितलं की गिटारच्या आवाजाला जी धार आहे ती अॅम्प्लिफायरमध्ये येते, त्याला झेपेल त्यापेक्षा जास्त जोरात सिग्नल दिला की तो लाटेची टोकं कापतो आणि कापल्यामुळं मूळ सुरावर वरचे सूर उगवतात. ते म्हणाले मग तेच की. घासल्याशिवाय कुठनं येणार.

आणि गाण्यात काय म्हणतायत विचारल्यावर मी कुऱ्हाड म्हणून सांगितलं. परदेशात गिटारवाले गिटारलाच कुऱ्हाड म्हणतात हेही सांगितलं. चाचा हसले आणि म्हणाले, आमचे आजे-पणजे कुऱ्हाडीलाच धार लावत होते, आम्ही काही लांब आलो नाही.

परत येताना वडापमध्ये मला भावाला द्यायचं उत्तर सापडलं, आणि ते मी त्याला फोन करून लगेच सांगितलं नाही, आठवडाभर स्वतःशीच घोळवलं. थ्रॅशनं स्वतःच्या घोडीत घर केलं होतं. तेच वाजवून वाजवून तार चऱ्यात बसली होती, १९८८-९० पर्यंत वाजवणारे सगळे आधीपेक्षा जास्त तयारीचे होते आणि आवाज मात्र बंद होत चालला होता. ज्यांनी नुसते कपडे आणले त्यांनी तंबोऱ्याला नवीन पॉलिश मारलं, चरे तसेच. पॉवर ट्रिपनं कानस घेतली. आणि ती कानस म्हणजे पंक, जी कुठनं बाहेरनं आणलेली नाही, ज्या कानशीनं ही घोडी पहिल्यांदा घडवली तीच. हे पोरगे २००८ पासून एकत्र, हार्डकोर पंकच्या छोट्या छोट्या हॉलमध्ये वाढलेले, जिथं स्टेज कमरेएवढंसुद्धा उंच नसतं.

कानस काही लावत नाही, ती काढते. म्हणून आठच गाणी. म्हणून सोलो आहेत पण येऊन जातात, थांबून आरती ओवाळून घेत नाहीत. म्हणून 'फायरिंग स्क्वॉड' सुरू होतं ते आधीच धावत असल्यासारखं आणि तीन मिनिटांच्या आसपास संपतं. ह्या अल्बममध्ये एकही रिफ असा नाही की जो १९८६ मध्ये कुणाला सुचला नसता, भाऊ म्हणतो ते खरंय. पण १९८६ चे ते रिफ आज जसेच्या तसे वाजवले तर बसलेल्या तारेचा आवाज येतो, आणि ह्यांचे वाजतात तेव्हा झंकार उठतो. ऐकूनच कळतं. आजीनं विचारलं असतं सुरात आहेत का तर मी म्हटलं असतं, आजी, जवारी खुली आहे.

भाऊला सांगितलं तेव्हा तो जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, मग स्लेअरचा १९८६ चा अल्बम तर २९ मिनिटांचाच होता, त्यात घासायचं काय होतं. बरोबर आहे त्याचं. तो पहिला हात होता, तेव्हा घोडी कोरी होती. मी कोऱ्या घोडीबद्दल बोलतच नाहीये.

मार्चमध्ये लॉकडाऊन लागला आणि तंबोरा मिरजेत अडकला. सांगली आणि मिरज मधलं अंतर दहा किलोमीटर, पण त्या महिन्यांत ते फार होतं. यार्ड बंद, मग अर्धं चालू. जूनमध्ये पॉवर ट्रिपचा सिॲटलचा लाइव्ह अल्बम आला, २८ मे २०१८ चा कार्यक्रम. घरात कोंडलेलं असताना घामानं भिजलेल्या गर्दीचा आवाज ऐकणं हे तेव्हा काय होतं ते शब्दात येत नाही, मी दोन गाण्यांच्या मधला भागसुद्धा परत परत ऐकायचे, जिथं रायली नुसता लोकांशी बोलतोय आणि मागं ड्रमवाला उगीच काहीतरी वाजवतोय.

२४ ऑगस्ट २०२० ला रायली गेल गेला. ३४ वर्षांचा होता. मला सकाळी फोनवर कळलं, भाकऱ्या करत होते, पिठाचे हात, आणि आईनं विचारलं कोण गेलं गं, तर मला सांगता येईना कोण. नात्यातलं नाही, ओळखीचं नाही, एकदाही बघितलेलं नाही. मी म्हटलं, पुरात ज्याचं गाणं लावायचे तो. आईला तेवढ्यात समजलं, तिनं तवा माझ्याकडनं काढून घेतला. त्याच्या घरच्यांनी सांगितलं की फुलं नको, डॅलसमध्ये बेघर तरुण पोरांसाठी काम करणारी एक संस्था आहे तिला द्या. हे वाचून मला सातवं गाणं आठवलं आणि मी ते काही दिवस लावू शकले नाही. पुढं त्या लाइव्ह अल्बममधल्या जल्लादाच्या गाण्याला ग्रॅमीचं नॉमिनेशन मिळालं, तो नसताना.

दिवाळीच्या आधी मिरजेला गेले. चाचा बारीक झालेले, मास्क हनुवटीवर. म्हणाले तुझ्यासमोर काढायची म्हणून ठेवलीय. घोडी तबलीवर बसवली, तारा चढवल्या, मग एकेक तार बाजूला सारून तिच्याखालची जागा कानशीनं घासायची, दोन हात, फुंकर, तार परत जागेवर, छेडायची, ऐकायचं. परत सारायची. दोन हात. शिंगाची पांढरी भुकटी त्यांच्या पँटवर पडत होती. षड्जाच्या जोडीला फारसा वेळ लागला नाही. खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सुराच्या जाड तारेला, तास लागला. किती वेळा मला वाटलं की झालं, चांगला येतोय की आवाज, आणि ते मान हलवायचे, अजून बसलेला आहे. मला त्यांच्यासारखं ऐकू येत नव्हतं. मग एकदा त्यांनी दोरा सरकवला, तांदळाच्या दाण्याएवढा, आणि छेडलं, आणि तो आवाज भोपळ्यातनं उठून खोलीभर झाला आणि त्याच्या आत गंधार ऐकू यायला लागला जो कुठल्याच तारेवर लावलेला नव्हता. मी तो शेवटचा लहानपणी ऐकलेला, आजीच्या मागं बसून, तिच्या पाठीला कान लावून.

भोपळ्यावरची ती पुराची रेघ मी घालवू दिली नाही. पॉलिशखालनं अजून दिसते.

चाचांनी पैसे घेतले, पावती लिहिली, आणि मग विचारलं, तो कुऱ्हाडवाला पोरगा काय म्हणतो. मी सांगितलं, गेला म्हणून. ते "या अल्लाह" म्हणाले, जरा वेळ थांबले आणि म्हणाले लाव. ह्यावेळी मी हेडफोन दिला नाही, फोनचा स्पीकर लावला आणि फोन बाकड्यावर ठेवला, आणि शेजारी त्यांचा मुलगा भोपळा कोरत होता तो थांबला. त्या दुकानात ओळीनं तंबोरे आणि सतारी लावलेल्या असतात. गाण्याच्या मधल्या एका जागी, रिफ क्षणभर तुटतो तिथं, मला वाटलं की त्यातल्या एखाद्या सतारीच्या तरफा, म्हणजे न छेडता आपोआप घुमणाऱ्या खालच्या तारा, हलल्या. मुलगाही तिकडं बघत होता.

२०२३ च्या डिसेंबरमध्ये पॉवर ट्रिप परत स्टेजवर आले, टेक्सासमध्येच ऑस्टिनला, सेथ गिलमोर हा नवा गायक घेऊन. मी व्हिडिओ बघितले. लोक रडत होते आणि एकमेकांच्या खांद्यावर चढून ओरडत होते. नवा पोरगा रायलीसारखं म्हणायचा प्रयत्न करत नाही, स्वतःच्या गळ्यानं म्हणतो, ते मला पटलं. भाऊनं मला न सांगताच आधी बघितले होते आणि लिंक त्यानंच पाठवली होती.

तंबोरा आता पुढच्या खोलीत कपाटावर नाही, माळ्यावरही नाही, भिंतीला खुंटी मारून लावलाय, २०१९ च्या रेघेच्या दोन हात वर. रोज संध्याकाळी यार्डातनं आल्यावर मी दहा मिनिटं छेडते, गाता येत नाही, नुसती छेडते, आणि मग बरेचदा अल्बम लावते. गेल्या महिन्यापासून खर्जाची तार जरा ठस्स वाटतीय. आधी वाटलं दमट हवेनं असेल, दोरा सरकवून बघितला, फरक नाही. काल बॅटरी घेऊन घोडीवर उजेड पाडला. चरा आहे, केसाएवढा. चाचा आता स्वतः कानस धरत नाहीत, मुलगा काढतो, ते शेजारी बसून ऐकतात आणि बस झालं की बोट वर करतात. रविवारी जायचंय, सकाळच्या वडापनं, तंबोरा मांडीवर आडवा धरून.